तोफ भाऊजींची, बत्ती ताईची

आमच्या भाऊजींना ऑफिसात 'तोफ' म्हणतात हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी शिलाई मशीन थांबवून पोट धरून हसले होते. भाऊजी म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. न्हाव्याने केस वाकडेतिकडे कापले तरी 'छान झालेत' म्हणून बाहेर पडणारा आणि मग ते वाढेपर्यंत टोपी घालून हिंडणारा माणूस. दुकानदाराने लहान मापाचे बूट पायात कोंबले तर 'वापरून सैल होतील' असं आपणच म्हणणारा आणि लंगडत घरी येणारा. अशा माणसाला तोफ म्हणायचं म्हणजे थट्टेलाही काही सुमार असतो. पण ते लोक थट्टेने म्हणत नव्हते.

माझं शिवणकामाचं दुकान तळमजल्यावर आणि ताईचं घर त्याच इमारतीत वर. दुपारी मी ताईकडेच जेवते. त्यामुळे त्या घरातलं मला कळत नाही असं फारसं काही नाही, आणि जे कळतं ते पोटात ठेवायची मला सवय नाही. ताई म्हणते, कात्री तुझ्या हातापेक्षा तुझ्या तोंडात जास्त चालते.

भाऊजींची कंपनी मालवाहतुकीच्या विम्याची. घर बदलताना कुणाचा फ्रिज चेपतो, कुणाच्या गाद्या भिजतात, कुणाचं कपाट एका दारानिशी पोचतं. ते लोक फोटो काढून पाठवतात आणि भरपाई मागतात. भाऊजी ते फोटो मोठे करून करून बघतात आणि खोका हातातून पडला की मुळातच नीट बांधला नव्हता, ते ठरवतात. सगळी ऑफिसं बंद झाली तेव्हा हे काम ताईच्या जेवणाच्या टेबलावर आलं आणि नंतर तिथंच राहिलं. टेबलाच्या एका बाजूला भाऊजी, कॉम्प्युटर आणि फुटलेल्या कपबश्यांचे फोटो. समोरच्या बाजूला ताई, भाजी निवडत नाहीतर कपड्यांच्या घड्या घालत. ती कॅमेऱ्यात येत नसे, पण सगळं ऐकत असे.

सुरुवात अशी झाली. एका मीटिंगमध्ये वरच्या साहेबांनी विचारलं, "कोणाला काही अडचण?" सगळे गप्प. ताई मटार सोलता सोलता हळूच म्हणाली, "अहो, तुमचा कॉम्प्युटर दिवसातून किती वेळा बंद पडतो, सांगा की." भाऊजींनी नाही म्हणून मान हलवली. ताईने टेबलाखालून त्यांच्या पावलावर आपला अंगठा रोवला. भाऊजी कळवळून म्हणाले, "साहेब, कॉम्प्युटर फार जुने झालेत, कामाचा खोळंबा होतो." आणि काय आश्चर्य, नवे कॉम्प्युटर आले. एकट्या भाऊजींना नाही, सगळ्यांना आले.

मग ती रीतच पडली. प्रश्न आला की भाऊजी माईक बंद करायचे. ताई एक वाक्य सांगायची. भाऊजी माईक उघडून तेच वाक्य जसंच्या तसं बोलायचे. आवाज मात्र त्यांचाच, भरदार, घुमणारा. तो त्यांना जन्मापासून आहे, नुसता वापराविना पडून होता. माईकचं बटण शोधताना ते खाली बघायचे आणि जरा वेळ जायचा. तिकडे लोकांना वाटायचं, काय विचारपूर्वक बोलतो हा माणूस! एकेक शब्द तोलून टाकतो! रजा कापल्या जात होत्या, त्या भाऊजींनी परत मिळवल्या. रविवारचे फोन बंद करायला लावले. तेव्हापासून ते तोफ.

"आज सुनावलं मी चांगलं," असं ते जेवताना म्हणायला लागले, तेव्हा मला राहवलं नाही.

"भाऊजी, सुनावलंत की वाचून दाखवलंत?"

ते हसायचे. "मेहुणीबाई, बत्ती दिली तरी आवाज तोफेचाच ना?"

आणि ताई? ताईला तर त्याचं व्यसन लागलं होतं म्हटलं तरी चालेल. त्या ऑफिसातलं एकही माणूस तिने बघितलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ती आवाजावरून ओळखायची आणि सगळ्यांना तिने नावं ठेवली होती. एक खोकल्याचे काका होते. एक 'ऐकू येतंय का' होते. आणि एक पलीकडच्या बाई होत्या.

या बाई रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर, आपल्या आईच्या गावी राहून काम करायच्या. त्यांच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला होता. बाई त्यांच्या खाटेशेजारी टेबल टाकून बसायच्या. मध्येच "एक मिनिट हं" म्हणून उठायच्या, त्यांना कुशीवर वळवायच्या आणि परत येऊन पुढचा दावा उघडायच्या. कामात कुठे खोट नाही. ताईचा त्यांच्यावर फार जीव. दोघींचं फोनवर बोलणंही सुरू झालं होतं.

आणि मग तो हुकूम आला. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी रोज ऑफिसात यायचं. सबबी चालणार नाहीत.

हुकमापेक्षा कुजबुज वाईट होती. खोकल्याच्या काकांनी ऑफिसात चक्कर मारून बातमी आणली की अर्धा मजला दुसऱ्या कंपनीला भाड्याने देऊन टाकलाय आणि खुर्च्या माणसांपेक्षा कमी आहेत. म्हणजे माणसं कमी होणार हे धरूनच चाललेत. ज्यांना जमणार नाही ते आपसूक गळतील, मग उरलेल्यांत कुणाला काढायचं ते बघतील. आपण होऊन गेलेल्या माणसाला काही द्यावंही लागत नाही. भाऊजींचं त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं. घराचं कर्ज चालू, मुलगी बाहेर शिकायला, आणि नवी नोकरी मिळण्याचं वय उलटलेलं.

त्या आठवड्यात पलीकडच्या बाईंचा भाऊजींना फोन आला. ताईने स्पीकर लावायला लावला.

"मोठे साहेब सभा घेणारेत ना," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेवढं विचाराल का? घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल त्यांना काही सवलत आहे का, एवढंच. माझं नाव नका घेऊ. मी विचारलं तर लगेच माझ्या नावापुढे खूण होईल. तुम्ही विचारलंत तर सगळ्यांच्या वतीने होईल. तुमचं ते ऐकतात."

भाऊजींनी ताईकडे बघितलं. ताईने जोरजोरात हो म्हणून मान हलवली आणि ओठांनीच वाक्य सांगितलं. भाऊजींचा आवाज घुमला, "काळजी करू नका. उत्तर घेतल्याशिवाय मी खाली बसणार नाही."

पलीकडे बाई रडायला लागल्या. ताईच्याही डोळ्यांत पाणी. मी मात्र भाऊजींकडे बघत होते. त्यांचा चेहरा लहान मापाचे बूट घेऊन घरी आलेल्या माणसासारखा झाला होता.

मग घरात तालीम सुरू झाली. मी मोठे साहेब व्हायचं, खुर्चीत रेलून बसायचं आणि भुवई उंचावायची. भाऊजींनी कपाटाजवळ उभं राहून प्रश्न विचारायचा. "सरळ उभे राहा. हात खिशात नको. माझ्याकडे काय बघताय, साहेबांकडे बघा," असं ताईचं चालायचं. शेवटी शेवटी भाऊजी इतकं छान बोलायला लागले की मीच मोठे साहेब असून मला उत्तर सुचेना.

आता पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते. उगाच टांगून ठेवायला मला आवडत नाही.

सभेचा हॉल मोठा होता. जे आले होते ते खुर्च्यांवर आणि जे अजून आपापल्या गावी होते ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, एकेका चौकोनात. मोठे साहेब चांगले बोलले म्हणे. आवाज न चढवता, हसून. सगळे परत एकत्र येणार याचा आनंद झाला म्हणाले. कपातीचा सध्या विचार नाही म्हणाले. तो 'सध्या' सगळ्यांनी ऐकला. मग त्यांनी विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?"

सगळ्या माना भाऊजींकडे वळल्या. भाऊजी उठले. मोठे साहेब हसत हसत खाली उतरून त्यांच्यापर्यंत चालत आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "तुम्हीच का ती तोफ? फार ऐकलंय तुमच्याबद्दल. बोला ना, मोकळेपणी बोला."

भाऊजींनी नंतर मला जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते. "मेहुणीबाई, त्यांचा हात गरम होता. माणूस असा जवळ येऊन प्रेमाने हात धरतो तेव्हा काय करायचं, ते आपल्या तालमीत नव्हतं. मी खाली बघितलं. पावलाकडे. वाट बघत होतो. कोणाची बघत होतो ते तुम्हाला माहीत आहे."

पावलावर कोणी अंगठा रोवला नाही. आणि तो भरदार आवाज म्हणाला, "साहेब, तक्रार काहीच नाही. परत यायला मिळतंय, सगळे आनंदातच आहेत."

मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांना वाजवाव्याच लागल्या. "बघा," ते म्हणाले, "तुमच्यातला सगळ्यात कडक माणूसच असं म्हणतोय, म्हणजे प्रश्न मिटला." आणि खरंच मिटला. तोफच थंड झाल्यावर दुसरं कोण तोंड उघडणार? खोकल्याच्या काकांनी वर केलेला हात डोकं खाजवायला वापरला. भाऊजी खाली बसले तर समोर पडदा. त्यातल्या एका चौकोनात पलीकडच्या बाई. त्या भाऊजींकडे बघत होत्या. मग तो चौकोन काळा झाला.

त्या संध्याकाळी मी ताईकडेच होते. भाऊजी आले, बूट काढले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ हातपाय धूत बसले. ताई टॉवेल घेऊन दारातच उभी.

"विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

ताईचा चेहरा असा फुलला की काय सांगू! तिला धीर कुठला निघतोय, तिने लगेच बाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. भाऊजी टॉवेल तोंडावर धरून उभेच राहिले. मला तेव्हा वाटलं, थकलेत. आता आठवतं तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. बाई काय बोलणार आणि आपलं काय होणार, याची ते टॉवेलाआड वाट बघत होते.

"अहो, यांनी विचारलं बरं का!" ताई म्हणाली. "बघतो म्हणालेत साहेब. यांनी सोडलं नाही त्यांना!"

मग बाई म्हणाल्या, "हो, मी पडद्यावर होते ना. ऐकलं मी. छान बोलले."

ताईने अभिमानाने माझ्याकडे बघितलं. भाऊजींनी टॉवेल काढला तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. जेवायला बसले आणि ताटावरून तसेच उठले.

शहरात राहणाऱ्यांना सभेपासूनच ऑफिसात बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर ते वर न जाता माझ्या दुकानात शिरले. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले आणि वर सांगितलं ते सगळं सांगितलं. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझी जीभ सुटली की मला आवरत नाही. भ्याड म्हटलं, मातीचे म्हटलं, माझ्या बहिणीच्या तोंडचे घास खाऊन ढेकर देणारे म्हटलं. ते ऐकून घेत होते. उलट मी थांबले तर त्यांना वाईट वाटेल अशी परिस्थिती होती.

"त्या बाईंनी मला उघडं पाडायला हवं होतं," ते म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर मी झोपलो तरी असतो. त्यांनी मला झाकलं, मेहुणीबाई. मला लाज वाटते. जेवताना वाटते, आरशात बघताना वाटते. तुमची ताई कौतुकाने बघते तेव्हा तर जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं."

"मग लावा फोन त्यांना. माझ्यासमोर लावा."

लावला. भाऊजी म्हणाले, "बाई, माझं चुकलं. मी उद्या साहेबांच्या खोलीत जाऊन विचारतो."

"आता नका विचारू," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मी राजीनामा पाठवला. काल सभा संपायच्या आतच. तुम्ही खाली बसलात ना, तेव्हा म्हटलं, यांनाच जमलं नाही तर आपली काय कथा."

"आणि मग तुम्ही आमच्या हिला..."

"त्या इतक्या आनंदात होत्या हो. त्यांना नका सांगू."

भाऊजी माझ्या दुकानात, कापडाच्या तुकड्यांमध्ये बसून रडले. मी मशीन चालू करून ठेवलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मला त्यांचा राग येत होताच, पण आता त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

"ताईला सांगा," मी म्हटलं. "बाईंनी नको म्हटलं तरी सांगा. नाहीतर मी सांगते."

त्यांनी सांगितलं. ताई ओरडेल असं मला वाटलं होतं. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग तिने एकच विचारलं, "राजीनामा मागे घेता येतो का?"

"साहेबांनी हो म्हटलं तर. मंजूर होईपर्यंत येतो. दोन-चार दिवस लागतात."

"मग उद्या जा आणि सांगा त्यांना. बाईंना सवलत द्या म्हणावं, राजीनामा परत करा म्हणावं."

भाऊजी गेले. साहेबांच्या दारापर्यंत गेले, तिथे पाण्याची बाटली भरून परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी घरी आले की ताईने नुसतं बघायचं आणि भाऊजींनी मान खाली घालायची, बोलणं संपलं. अशा घरात जेवणं म्हणजे शिक्षा असते. मी दोन्ही दिवस डोकं दुखतंय म्हणून खालीच राहिले.

तिसऱ्या दिवशी भाऊजी कामावर गेल्यावर ताई माझ्या दुकानात आली. चांगली साडी, केस घट्ट बांधलेले, पर्स खांद्याला.

"दुकान बंद कर," ती म्हणाली. "आपण जाऊन येऊ."

"कुठे?"

"त्यांच्या साहेबाकडे. यांच्याने होत नाही. इतकी वर्षं बोलत कोण होतं? मीच ना? मग आता मीच बोलते, समोरासमोर."

खरं सांगते, मला असा आनंद झाला! मी झटक्यात दाराला कुलूप लावलं. आमची ताई म्हणजे काय चीज आहे हे गल्लीला विचारा. इमारतीचा चिटणीस तिला बघून जिना बदलतो. दवाखान्यात रांग मोडणाऱ्याला तिने एकदा हाताला धरून मागे नेऊन उभं केलं होतं. वाटेत बसमध्ये ती मला वाक्यं म्हणून दाखवत होती आणि मी त्यांना धार लावून देत होते. त्या साहेबाची मला आधीच कीव येत होती.

ऑफिस काचेचं होतं. दारातल्या माणसाने आमची नावं विचारली आणि भाऊजींचं नाव ऐकल्यावर उठून उभा राहिला. आत टेबलं एकाला एक चिकटलेली आणि काही माणसं खिडकीच्या कट्ट्यावर मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसलेली. खुर्च्या कमी होत्या हे खरंच होतं. एक काका खोकत आमच्या बाजूने गेले. ताईने माझा हात दाबला, "तेच!" त्यांनीही वळून बघितलं. भाऊजी कुठे दिसत नव्हते. ते बरंच झालं, असं आम्हाला वाटलं.

मोठ्या साहेबांनी आम्हाला वाट बघायला लावली नाही. दारापर्यंत आले. "या वहिनी, या!" स्वतः खुर्ची ओढून दिली. मलाही दिली. पाणी मागवलं. प्रवासात त्रास झाला का, विचारलं. माझ्या डोक्यात तो माणूस कसा होता आणि हा कसा निघाला! माझ्याच दुकानातल्या एखाद्या सभ्य गिऱ्हाइकासारखा.

ताईने घसा साफ केला. "साहेब, मी जरा बोलायला आले होते."

"बोला ना. पण आधी मला बोलू द्या, वहिनी. त्या दिवशी सभेत तुमचे मिस्टर जे बोलले ना, त्याने मला मोठा आधार झाला. दिवस कठीण आहेत. पुढे काही निर्णय मला घ्यावे लागतील, कोणाला आवडोत न आवडोत. पण तुम्हाला म्हणून सांगतो, असा समजूतदार माणूस मी सोडणार नाही. तुम्ही निर्धास्त राहा." आणि ते हसले. "हं, तुम्ही काय म्हणत होतात?"

मी ताईकडे बघितलं. वाक्यं सगळी तिच्या जिभेवर होती, बसमध्ये मी ती ऐकली होती. ती बोलली की हा माणूस भाऊजींना समजूतदार म्हणायचा थांबेल, एवढं आम्हा दोघींनाही त्या क्षणी कळलं. तिच्या नजरेसमोर घर आलं असणार, मुलगी आली असणार. आणि पलीकडच्या बाईही आल्या असणार, नाही आल्या असं मी म्हणणार नाही.

तिने पर्स उघडली, आत हात घातला आणि घराची किल्ली बाहेर काढली.

"हे सकाळी किल्ली विसरून गेले," ताई म्हणाली. "तेवढी द्यायला आले होते."

"एवढंच ना!" साहेबांनी बाहेर निरोप पाठवला. भाऊजी धावत आले. आम्हाला बघून दारातच थबकले. ताईने किल्ली पुढे केली. भाऊजींच्या पट्ट्याला त्यांची स्वतःची किल्ली लटकत होती. मला दिसत होती, साहेबांना दिसत नसेल तर नशीब. भाऊजींनी ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

"हो, विसरलो होतो," ते म्हणाले. "बरं झालं आणलीस."

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही?"

आता माझी पाळी होती. मला कसली भीती होती? ना मी तिथे नोकरीला, ना माझा नवरा. माझी जीभ गल्लीत गाजलेली. मी म्हटलं, "मी आपली ताईला सोबत."

येताना बसमध्ये आम्ही दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसलो. जागा होती तरी. घरी आल्यावर ताई माझ्या दुकानात येईना. किल्ली तर देऊन आली होती. माझ्याकडे त्यांची जादा किल्ली असते, ती मी काढली तर म्हणाली, "नको. बसू दे मला इथेच." आणि आपल्याच बंद दारापुढे जिन्याच्या पायरीवर बसली, चांगल्या साडीत. मी दोन पायऱ्या खाली बसले. शेजारणीने विचारलं, किल्ली हरवली का, तर ताई हो म्हणाली.

भाऊजी दिवस मावळताना आले. आम्हाला तसं बघून तेही बूट न काढता पायरीवर टेकले.

"बाईंचा राजीनामा मंजूर झाला," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की बाईंचे उरलेले दावे आता तुम्हीच बघा. विश्वासाचा माणूस म्हणून."

एवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. पलीकडच्या बाईच होत्या. ताईने तो घ्यायला इतका वेळ लावला की मला वाटलं, वाजायचा थांबेल. स्पीकर लावायची सवय तिच्या बोटांना होती, ती गेली नव्हती.

"ताई, तुम्ही आज ऑफिसात गेला होतात?" बाईंचा आवाज भरून आला होता. "काकांनी सांगितलं मला. साहेबांच्या खोलीत गेलात म्हणे. माझ्यासाठी गेलात ना? मी यांनाही सांगितलं, खाटेजवळ बसून. त्यांना बोलता येत नाही, पण हात हलवला त्यांनी. कोण करतं हो परक्यासाठी एवढं?"

"बाई," ताई म्हणाली, "ऐका, मी तिथे गेले खरी, पण..."

"राहू द्या. नाही झालं काम तर नाही झालं. मला कळलंय ते. पण माझ्या बाजूने कोणीतरी समोर उभं राहून बोललं, हेच मला पुष्कळ आहे. बोललात ना तुम्ही?"

भाऊजींनी मान खाली घातली. मी भिंतीकडे बघितलं. ताईने दोन्ही हातांनी फोन धरला होता.

"हो," ती म्हणाली.